कापलेला प्लग

सावाई
सोमवार, ५ ऑगस्ट २०१३

फेतू,

आशीर्वाद लिहीत नाही, कारण सध्या मनात नाहीत. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे सिनालेई आत्याच्या हाती पाठवतोय. अळूच्या कंदांची पोती आणि नारळ घेऊन ती पागोच्या बोटीवर चढेल. इथं आज सोमवार आहे, तुझ्याकडे अजून रविवारच. सरकारनं तारीखरेषा सरकवून आमची तारीख पुढं ढकलल्यापासून आम्ही तुमच्यापेक्षा एक दिवसानं शहाणे असतो, असं मी गावात सांगत असतो.

तू पाठवलेला लाकूड कोरायचा राउटर मिळाला. सहा वर्षांपूर्वी बाबांना माती दिली तेव्हा तू आला नाहीस, त्यानंतर तुझ्याकडून या घरात धड अशी ही पहिलीच वस्तू आली. त्याच्या आधीच्या बोटीनं एक पिवळी लोखंडी पेटी आली होती. उचलताना माझी कंबर धरली. तिचं प्रयोजन काय ते तुलाच ठाऊक.

नव्या चर्चचे बाक माझ्याकडे आहेत, हे तुला आत्यानं सांगितलं असेलच. ऑक्टोबरातल्या मुलांच्या रविवाराच्या सणाआधी चर्चचं उद्‌घाटन करायचं ठरलंय. बाकांच्या पाठींना नक्षीचा चर मारायचा आणि कडा गोल करायच्या, म्हणून राउटर हवा होता. मी गावसभेत उठून सांगितलं, "माझ्या भावानं पागोहून मशीन पाठवलंय." अभिमानानं सांगितलं, हेही लिहून ठेवतो.

शनिवारी सगळे मताई, घराण्याघराण्यांचे प्रमुख, चर्चमध्ये बाक बघायला आले. पाद्रीबाई होती, पोरंटोरं होती. मी मशीन लावलं आणि बटण दाबलं. कुणाचा तरी गळा कापताहेत असं वाटावं अशी त्यानं किंकाळी फोडली, मग आत काहीतरी फाटकन फुटलं आणि मुठीतून काळा धूर आला. पोरं पळाली. पाद्रीबाई पंख्यानं वारा घालत म्हणाली, "देवाच्या घरात कसला वास हा?" आणि म्हातारा तोफी, ज्याला कडक नारळसुद्धा धड फोडता येत नाही, तो सगळ्यांदेखत म्हणाला, "इसाया, भावानं मशीन पाठवलंय की फटाका?"

लोक हसले. मी या घराण्याचा मताई, गावाच्या वतीनं भाषणं करणारा माणूस, आणि माझ्यावर हसले. मग रागाच्या भरात दोन शब्द बोललो. ते जाऊ दे.

पागोत कचऱ्याचे ढीग खूप आहेत असं ऐकतो. त्यातून उचलून भावाला पाठवायचं असेल, तर निदान चालतंय का ते बघून तरी पाठवावं. मशीन डुकरांच्या कुंपणाला टेकवून ठेवलंय.

इसाया


सावाई
मंगळवार, २० ऑगस्ट

फेतू,

आत्या परत आली. तिला खोदून खोदून विचारलं.

"वाचलं त्यानं. उभ्यानंच."

"मग?"

"मग विचारलं, 'दादानं ते थेट भिंतीत लावलं का?'"

"आणि?"

"आणि काही नाही. पत्राची घडी घातली आणि मला मासा वाढला. तुझ्यापेक्षा बरा करतो."

थेट भिंतीत नाही तर काय नीरफणसाच्या झाडात लावायचं होतं? सहा वर्षांनी थोरल्या भावाला पहिला प्रश्न विचारलास, तो हा.

तर ऐक. तुझ्याकडून काही नको म्हणून मी ते मशीन स्वतःच उघडलंय. डुकरांजवळून उचलून आणलं, घराच्या मधोमध दोन खांबांच्या मध्ये जुनी चटई टाकली आणि बसलो. मासिना म्हणाली, "तुम्ही सुतार आहात. लाकडाबाहेर गेलात की नुकसान होतं." मी म्हटलं, "बाबांनी बोटीचं इंजिन याच चटईवर उघडलं होतं." ती म्हणाली, "आणि ती बोट अजून त्या माडाखाली पडलीय." तुझी वहिनी अशी आहे. पागोत बसून तुला तिची आठवण येते म्हणे, आत्या सांगत होती. घेऊन जा.

स्क्रूची डोकी चांदणीच्या आकाराची. तसला पाना इथं कुठला? खिळा घासून घासून तसा आकार केला, त्यात एक सकाळ गेली. मूठ उघडली तर आत बोटभर लांबीची हिरवी पट्टी, मशीनचा वेग कमीजास्त करणारी. तीच जळालीय. अर्धी पट्टी काळी ठिक्कर आणि जळक्या माशासारखा वास. टिकलीएवढी एक निळी चकती फुटून तिचे तुकडे झालेत. तीन पायांचा एक काळा तुकडा, ट्रायॅक म्हणतात त्याला, मधोमध तडकलाय. शेजारचा रेझिस्टन्स नुसता कोळसा.

मोटार मात्र शाबूत आहे. हातानं फिरवली, मोकळी फिरते. म्हणजे दुखणं फक्त त्या पट्टीत.

पाद्रीबुवांच्या घरी बंद पडलेल्या पंख्याचा रेग्युलेटर होता, तो मागून आणला. त्यात तसाच तीन पायांचा तुकडा मिळाला. रेझिस्टन्स बाबांच्या रेडिओतून काढला. तो रेडिओ तसाही बोलत नव्हता, पण त्याचं झाकण उघडताना हात जरा थांबला, खोटं कशाला बोलू. डाख द्यायची विजेची सळई नाही, म्हणून तांब्याची जाड तार करवंटीच्या निखाऱ्यात तापवली. जुने डाख खरवडून कथील काढलं. दोनदा बोट भाजलं. निळ्या चकतीसारखं काही मिळालं नाही. ती बहुतेक शोभेची असावी.

एक सांगतो. ज्यानं तुला हे विकलं त्यानं फसवलंय तुला. मुठीवर गुंडाळलेली काळी पट्टी एकाच बाजूनं झिजलीय, अंगठ्याची खोबण पडलीय आणि तीही उलट्या बाजूला. माझ्या हाताला तर ती टोचतेच. कुणीतरी वेडावाकडा माणूस हे वर्षानुवर्षं वापरत असणार.

उद्या चालू करून बघतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं माझ्याबद्दल म्हणशील. म्हण.

इसाया


सावाई
गुरुवार, २९ ऑगस्ट

फेतू,

मागचं पत्र तुला मिळालं असेल तर फाडून टाक. पहिलंही फाड.

पुन्हा जळालं. या वेळी किंकाळीआधीच बटण सोडलं, म्हणून मोटार वाचली. पण रेझिस्टन्स निखाऱ्यासारखा लाल झाला आणि विझला. बाबांच्या रेडिओचा होता तो. मी तिथंच बसून राहिलो. आधी तुला शिव्या दिल्या, मग पंख्याला, मग ज्यानं चांदणीचे स्क्रू काढले त्याला. नाचता येईना अंगण वाकडं, हे बाबा मला लहानपणी दिवसातून एकदा तरी ऐकवायचे, आठवतं? त्या दिवशी त्यांचाच आवाज ऐकू आला.

मग काहीच सुचेना म्हणून मशीन रॉकेलनं पुसायला घेतलं. वर्षांचं वार्निश आणि भुसा बसून त्याच्या अंगावरची पत्र्याची पट्टी झाकून गेली होती. ती उजळली. मला जवळचं दिसत नाही, म्हणून मासिनाला दिली.

"इथं एकशे वीस व्होल्ट लिहिलंय," ती म्हणाली. "आपल्याकडं किती येते वीज?"

"दोनशे तीस."

"म्हणजे जवळजवळ दुप्पट."

"हिशेब येतो मला."

"मग प्लग कापताना कुठं गेला होता हिशेब?"

हे मी तुला लिहिलं नव्हतं. तुझ्या मशीनचा प्लग आमच्या भिंतीत बसला नाही, फेतू. त्याचे पाय चपटे आणि सरळ, आमच्याकडचे तिरपे. आता पाच वर्षांचं पोर झालं तरी विचारतं, हा का बसत नाही? मी विचारलं नाही. चाकू घेतला, प्लग कापला आणि आपला लावला. सगळं मिळून एक विडी ओढून होईल इतकाच वेळ लागला. तुमच्याकडं अमेरिकेची वीज, आमच्याकडं न्यूझीलंडची, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आत्यानं पागोहून आणलेली केस वाळवायची मशीन अशीच जळाली होती, तेव्हा तिला सगळ्यात जास्त मीच हसलो होतो.

आणि ती पिवळी पेटी. ती आली तेव्हा आत्या म्हणाली होती, "फेतू म्हणाला ही मशीनची आहे, जपून ठेवा." मी म्हटलं, "मशीन कुठंय? आधी खोगीर, मग घोडा. पागोवाल्यांचं सगळंच उलटं." आणि ती मासिनाला दिली. तिची बारीक विणीची चटई शेवटाला आली होती, केवड्याची पाती दाबून सपाट करायला वजन हवंच होतं. महिनाभर ती पेटी चटईवर बसून होती.

काल ती उचलली. एका बाजूला आपल्याकडचा तिरपा प्लग, दुसऱ्या बाजूला दोन चपट्या फटी. तुझा कापलेला प्लग मी खिळ्यांच्या डब्यात टाकला होता. तो काढून त्या फटीत घातला. टोपण बसावं तसा बसला.

ट्रान्सफॉर्मर होता तो. तू मशीनच्या आधी पाठवलास. मशीन आल्यावर थोरला भाऊ घाई करणार हे तुला माहीत असणार.

आता ती पट्टी दुरुस्त करायला तो ट्रायॅक लागेल, रेझिस्टन्स लागेल, आणि ती निळी चकतीही लागेल असं दिसतंय. राजधानीत आपियालाही मिळत नाहीत, विचारून झालं. तुझ्याजवळ असतील तर आत्याजवळ दे. नाही दिलेस तरी समजेन.

इसाया


सावाई
मंगळवार, १७ सप्टेंबर

फेतू,

काड्यापेटी मिळाली. आत कापसात गुंडाळलेला ट्रायॅक, रेझिस्टन्स, दोन निळ्या चकत्या. एक जास्तीची पाठवलीस, म्हणजे मी एक फोडीन असा तुझा अंदाज. सोबत चिठ्ठी नाही. मी कापूससुद्धा उलगडून बघितला.

पाय तू आधीच वाकवून, कथील लावून पाठवलेस, म्हणजे मला नुसते भोकात घालायचे. पण वाकवलेत कसे! एक इकडं, एक तिकडं. लहानपणी माशांचे गळ तू करायचास, सगळे एका मापाचे, बाबा लोकांना बोलावून दाखवायचे. मी आत्याला म्हटलं, "फेतूच्या हाताला आळस चढलाय वाटतं. पागोचं खाणं मानवलंय."

आत्या कोको पीत होती. तिनं पेला खाली ठेवला.

"हात कुठला?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"डाव्या हाताची तीन बोटं काढलीत त्याची. जूनमध्ये. साखरेच्या दुखण्यानं."

मी म्हटलं, मला कुणी सांगितलं का नाही? तर ती म्हणाली, "त्यानं शपथ घातली होती. म्हणाला, दादाला कळलं तर तो मशीन माझ्या कणवेनं वापरेल. मला ते त्याला बाक करायला द्यायचंय." आणि म्हणाली, "बाकीची सगळी हत्यारं त्यानं विकली, इसाया. हे तेवढं विकलं नाही."

मी उठून मशीनकडं गेलो. मूठ डाव्या हातात धरली. अंगठा खोबणीत जाऊन बसला. तू डावखुरा. अरे, मी तुला होडी वल्हवायला शिकवताना तुझ्या डावखुरेपणाला शिव्या देत शिकवलंय, आणि तुझ्या हाताची खूण मला ओळखता आली नाही. वेडावाकडा माणूस असं लिहिलं मी. तुलाच लिहिलं.

आता जे लपवलं होतं ते सांगतो. तुला ते ठाऊक आहे हे मला आत्याच्या तोंडावरून कळलंच. इथं कुणी शिंकलं तर पागोत सर्दी होते. पण माझ्या हातचं असू दे.

त्या दिवशी चर्चमध्ये मी दोन शब्द बोललो नाही, पुष्कळ बोललो. म्हटलं, "तो माझा भाऊ नाही. बापाला माती द्यायला जो आला नाही, त्यानं पाठवलेल्या कचऱ्याशी या घराण्याचा संबंध नाही. उद्‌घाटनाला देणाऱ्यांची नावं वाचाल तेव्हा त्याचं नाव वाचू नका." सगळे मताई ऐकत होते. पाद्रीबुवांनी वही पुढं केली आणि मी स्वतः बोट ठेवून तुझं नाव खोडायला लावलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. बाबांच्या वेळी बोट मध्येच बंद पडली होती, तू दोन दिवस समुद्रावर अडकला होतास, हेही मला ठाऊक होतं. तेव्हाही ठाऊक होतं.

आणि हे सगळं तुझ्या कानावर गेल्यावरही तू एवढंच विचारलंस, दादानं ते थेट भिंतीत लावलं का? मग उरलेल्या दोन बोटांनी ट्रायॅकचे पाय वाकवत बसलास.

मला लाज वाटते, फेतू. दुसरा शब्द शोधला, मिळत नाही.

आत्या म्हणाली, मुलांचा रविवार झाला की तू होनोलुलूला मुलीकडे जाणार, तिथल्या डॉक्टरांकडे. पायाचंही काही आहे म्हणाली. "परत येईल ना?" विचारलं तर ती कोको संपवत बसली.

तुझा थोरला


सावाई
सोमवार, ३० सप्टेंबर

फेतू,

मशीन चालू झालं.

घाई केली नाही. पट्टी ब्रशनं धुतली, जळलेला भाग खरवडला, जिथं तांब्याची रेघ तुटली होती तिथं बारीक तार टाकून जोडली. तुझे तुकडे एकेक करून बसवले. वाकडे पाय मी सरळ केले नाहीत, तसेच भोकांत घातले आणि डाख दिला. एक चकती फोडलीच, तुझा अंदाज बरोबर. मग तुझा चपटा प्लग वायरीला परत जोडला, तो पिवळ्या पेटीत घातला, पेटी भिंतीत. वेग सगळ्यात कमी ठेवला आणि मासिनाला म्हटलं, लांब हो.

आधी वाटलं, चालूच झालं नाही. इतका हळू आवाज. हात लावला तेव्हा कळलं की फिरतंय. त्याचा खरा आवाज तोवर आम्ही ऐकलाच नव्हता.

मी बायकोसमोर रडलो. ती नुसता कचरा झाडत राहिली. तिला बोलायचं नसतं तेव्हा ती फार जोरात झाडते.

बाक झाले. सगळ्या पाठींना चर मारला, कडा गोल केल्या. तुझ्या खोबणीत अंगठा घालून डाव्या हातानंच मारला. त्यामुळं पहिले दोन बाक जरा लहरी झालेत, ते मी मागच्या रांगेत टाकले. तोफी तिथंच बसतो.

शनिवारी उद्‌घाटन झालं. पाद्रीबुवा नावं वाचायला उठले, त्याआधी मी उठलो. काठी हातात होती, भाषण करायचा मान होता, आणि मी म्हटलं, "ऑगस्टात मी या जागी खोटं बोललो. मशीन चांगलं होतं. जाळलं मी, प्लग कापून. ज्यानं ते दिलं तो माझा भाऊ आहे आणि त्याचं नाव पहिलं वाचा." कुणी हसलं नाही. तोफीसुद्धा नाही. मग पाद्रीबुवांनी वाचलं, फेतू, आणि बाबांचं नाव पुढं लावलं.

मला वाटलं होतं त्यानं हलकं वाटेल. घरी येऊन जेवलो, डुक्कर होतं, अळूच्या पानांत नारळाचं दूध होतं, सगळं होतं, आणि अर्धं पान तसंच ठेवून उठलो. गावाला सांगितलं ते गावाला. तुझं काय?

मासिनाला म्हटलं, "ती बारीक चटई मला दे."

ती समजली. "इफोंगा करणार?"

"हो."

"आपल्याच भावाच्या दारात? कुणाचा खून झाला तर करतात ते. माफी मागायला गावं गावांच्या दारात जाऊन बसतात. सख्ख्या भावाच्या दारात चटई डोक्यावर घेऊन बसलेलं मी ऐकलं नाही कधी."

"मीही नाही."

"लोक हसतील."

"एकदा हसलेत. सवय आहे."

तिनं चटई काढली. वर्षभर विणलीय तिनं, तिच्या पुतणीच्या लग्नासाठी. उन्हात धरून उलटसुलट पाहिली. म्हणाली, "कोपऱ्यात तुमच्या पेटीच्या गंजाचा डाग आहे." आणि घडी घालून माझ्या पिशवीत ठेवली.

हे पत्र मी आत्याच्या हाती पाठवत नाही. बरोबर घेऊन येईन.

इसाया


पागो, सिनालेई आत्या उतरते ते घर
गुरुवार, १० ऑक्टोबर, दुसऱ्यांदा

फेतू,

आशीर्वाद लिहायचा हक्क माझा, थोरला म्हणून. आज मागायला आलोय.

काल रात्री आपियाहून बोटीत बसलो तेव्हा गुरुवार होता. सकाळी इथं उतरलो तर पुन्हा गुरुवारच. आत्या म्हणाली, "बघ, एक दिवस फुकट मिळाला तुला." मी बोटीच्या कठड्याला धरून रात्रभर तेच मनात घोळवत होतो. असाच ऑगस्टातला तो शनिवार मिळता तर प्लग हातात घेऊन नुसता बसलो असतो. पण बोट एकच दिवस मागं नेते, आणि त्या शनिवारापर्यंत काही ती नेत नाही.

तुझं घर मी लांबून पाहिलं. आत्याला म्हटलं, मी आलोय हे सांगू नकोस. तू अंगणात खुर्ची टाकून बसला होतास, पाय स्टुलावर. उजव्या हातानं काहीतरी तासत होतास, आणि जमत नव्हतं म्हणून चिडून शिवी दिलीस. शिवी बाबांची होती. मी झाडाआड उभा राहिलो, मग परत आलो. तेव्हाच हाक मारता आली असती. आत्याही म्हणाली, "मूर्खा, जा आणि मिठी मार. चटई कशाला?"

मी तिला जे सांगितलं तेच तुला सांगतो. भावाच्या दारात भाऊ चालत जातो, तिथं इफोंगा लागत नाही. परक्याच्या दारात तो लागतो. सगळ्या गावासमोर मी तुला परकं केलं, फेतू. मग मला परक्यासारखंच यायला हवं. भाऊ म्हणून आत शिरणं आता माझ्या हातात नाही, तुझ्या हातात आहे.

उद्या पहाटे, दिवस उजाडायच्या आत, मी तुझ्या अंगणात असेन. तू उठलास की आत्या हे पत्र तुला देईल. माफ करणारा चटई उचलेपर्यंत चटईखालच्या माणसानं बोलायचं नसतं, मान वर करायची नसते. म्हणून जे बोलायचं ते इथं लिहितोय. तुला काठी घ्यावीशी वाटली तर घे, रीत तेही चालवून घेते. दार लावून घेतलंस तर मी ऊन चढेपर्यंत बसेन, आणि मग बोट. तक्रार करणार नाही. होनोलुलूला जाताना तुझ्या मनात माझ्याबद्दल जे असेल ते असेल, पण एवढं असू नये की दादा आलाच नाही.

मशीन माझ्या मांडीवर आहे, पिवळी पेटी शेजारी. परत करायला आणलेलं नाही. ते तुझंच आहे, आणि माझ्याकडंच राहील. तू परत येशील तेव्हा एक शेवटचा बाक करायचाय, घरातला, बाबांच्या जागेवर ठेवायचा. लाकूड मी काढून ठेवलंय. चर मी मारेन. तू खुर्चीत बसून मला शिव्या दे, डावीकडून कसा धरायचा ते सांग. होडीवर मी जितक्या दिल्या होत्या तितक्या देऊन झाल्या की मग बघू.

मासिनानं तुला काही सांगायला सांगितलंय. ती म्हणाली, चटई गंजली तर गंजली, पण फाडू नका म्हणावं, वर्ष गेलंय माझं.

माझे गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, हे सांगणं रीतीत बसत नाही, तरी सांगतो. आणि स्वतःचा हात बघत बसू नकोस. चटई उचलायला दोन बोटं पुरतात.